पाठकोरी चित्रे



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण ही व्याख्यानमाला चालविता, ते दिवसा गिरगावातील आमच्या शाळेत आणि संध्याकाळी परळच्या एका रात्रशाळेत भूगोल शिकवीत असत. आणि पृथ्वीवरील साऱ्या समुद्रांची व सामुद्रधुन्यांची नावे ज्यांच्या जिव्हाग्री होती, अशा या गृहस्थांनी स्वतः मात्र पंढरपूर, कोल्हापूर आणि साताऱ्याकडील आपले गाव यांपलीकडे कधी पाऊल टाकले नाही. पगार बेताचा, घरात खाणारी तोंडे पुष्कळ, आणि सुटी लागली की शिकवण्या. तेव्हा जग पाहण्याचा त्यांनी एकच मार्ग शोधून काढला होता. सुटीत बाहेरगावी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपणांस एक कार्ड धाडलेच पाहिजे, असा शिरस्ता त्यांनी घालून दिला होता. चित्राचे कार्ड मिळाले तर उत्तम, न मिळाले तर साधे. परंतु ‘आम्ही सुखरूप पोहोचलो, येथील हवा छान आहे’ एवढ्या मजकुरावर त्यांचे समाधान होत नसे. तेथील माणसे पाणी कोठून आणतात, सकाळी काय खातात आणि घरांवर छप्पर कशाचे घालतात, या तीन गोष्टींचा तपशील त्यात आलाच पाहिजे, अशी त्यांची सक्त ताकीद असे.

ती कार्डे ते बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात ठेवीत. त्यांच्या पश्चात हा डबा त्यांच्या कुटुंबीयांनी या वाचनालयाच्या स्वाधीन केला, आणि व्याख्यानाचा विषय ठरविण्यासाठी मी गेल्या महिन्यात येथे आलो असता ग्रंथपालांनी तो माझ्यापुढे उघडून ठेवला. माथेरान आहे, म्हैसूर आहे, दिल्लीचा कुतुबमिनार आहे, शिष्यवृत्तीवर विलायतेस गेलेल्या एका विद्यार्थ्याने धाडलेला लंडनचा पूल आहे. आणि या सर्वांच्या मध्ये, चित्र नसलेले, शाई फिकट झालेले एक साधे पोस्टकार्ड आहे. ते रात्रशाळेतील एका विद्यार्थ्याचे. हा विद्यार्थी लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात कामास होता, आणि भाऊच्या धक्क्यावरून बोटीने निघून, भर समुद्रात पडावात उतरून, शिमग्यासाठी राजापूर तालुक्यातील आपल्या गावी गेला होता. त्याने लिहिले आहे की, पाणी खालच्या विहिरीचे, दोन घागरी आणावयास आईला अर्धा तास लागतो. सकाळी पेज आणि सुकट. घरावर नळ्यांची कौले, गोठ्यावर पेंढा. आणि खाली, गुरुजींनी न विचारलेली एक ओळ: शाळेचे छप्पर गेल्या पावसात उडाले, ते अजून तसेच आहे. या ओळीखाली गुरुजींनी तांबड्या पेन्सिलीची रेघ ओढलेली आहे.

हा डबा पाहिल्यावर मला दुसरा विषय सुचेना. प्रवासातील छायाचित्रे आणि अनुभव समाजमाध्यमांवर प्रसृत करण्याची जी रीत आज घरोघर रूढ झाली आहे, तिच्याविषयी मी बोलणार आहे. माझ्या वयाची माणसे या विषयावर बोलू लागली म्हणजे श्रोते निंदेची अपेक्षा करितात. पण ज्याने काही पाहिले त्याने ते न पाहिलेल्यास दाखवावे, ही इच्छा मला अत्यंत स्वाभाविक, किंबहुना पवित्र वाटते, आणि तिची निंदा करण्याचा माझा मुळीच मानस नाही.

आपल्या समाजात तर या इच्छेला धर्मकृत्याचे स्थान होते. काशीयात्रा करून मनुष्य घराच्या उंबरठ्याशी पोहोचला तरी त्याची यात्रा पुरी झाली असे कोणी मानीत नसे. गंगेचे पूजन होऊन मावंदे घातले जावे, आप्तेष्ट व शेजारीपाजारी जेवून तृप्त व्हावेत, प्रत्येकाच्या तळहातावर तीर्थ पडावे, आणि यात्रेकरूने वाटेतले नदीनाले, धर्मशाळा, चोरचिलटे यांची हकीगत सांगावी, तेव्हा कोठे त्या यात्रेची सांगता होई. जाणारा एक असे, पण जे जाऊ शकले नाहीत त्यांचाही त्या पुण्यात हिस्सा असे, आणि तो चुकता करणे हे परत आलेल्याचे कर्तव्य असे.

पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणेच्या आशेने उत्तरेस गेले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा आणि त्यानंतरची लूट व कत्तल त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. मिळविलेले द्रव्य ठिकठिकाणी लुटले गेले. आणि तरीही हा भिक्षुक ब्राह्मण गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी आला व त्या पाण्याने त्याने आपल्या आईबापांस स्नान घातले. ही हकीगत त्यांनी लिहून काढली ती १८८३ च्या सुमारास; भारताचार्य चिंतामणराव वैद्यांनी ती ‘माझा प्रवास’ या नावाने छापून प्रसिद्ध केली ती १९०७ साली, लेखकाच्या निधनानंतर. पाहणे आणि लिहिणे यांत पंचवीस वर्षे, लिहिणे आणि लोकांच्या हाती पडणे यांत जवळजवळ आणखी तितकीच. इतका विलंब कोणी करावा असे मी सुचवीत नाही. परंतु ज्या हेतूने कावड आली त्याच हेतूने पुढे तो मजकूर आला, असे मला ते पुस्तक वाचताना प्रत्येक वेळी वाटते: घरी राहिलेल्यांना त्यांचा वाटा पोहोचविण्यासाठी.

आता आपल्याच चौपाटीकडे या. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडास आणि तेथून १८८६ मध्ये अमेरिकेस गेल्या. १८८९ च्या प्रारंभी मुंबईस परतल्या, आणि त्याच वर्षी त्यांनी दोन गोष्टी केल्या. ११ मार्च रोजी चौपाटीपाशी ‘शारदा सदन’ उघडले, आणि ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्या देशाची राज्यव्यवस्था, घरे, शाळा, व्यापार आणि विशेषेकरून तेथील स्त्रियांनी उभारलेल्या संस्था यांचे इतके बारकाईचे वर्णन त्यात आहे की, अमेरिकेचा किनारा ज्यांना कधीच दिसणार नव्हता अशा बायकांसाठी एका बाईने पाहून ठेवलेले ते जग आहे. स्वतः रमाबाई त्यात थोड्याच दिसतात. दिसते ते त्यांनी पाहिलेले.

त्यानंतर बारा वर्षांनी, १९०१ च्या डिसेंबरात, केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन आलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे चौपाटीवर स्वागत झाले. १८९६ च्या ७ जुलैस वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंचे चलच्चित्र दाखविण्यात आले होते. ते पाहून ज्यांनी विलायतेहून यंत्र मागविले, ते छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, यांनी या स्वागताचे चित्रण केले. दापोलीकडील मुर्डी गावचा एक मुलगा समुद्रापलीकडून परत आला, तो क्षण शेकडो लोकांनी पडद्यावर पाहिला. आज विमानतळावर उतरणाऱ्या मुलाचे जे चित्र घरातील आत्या मोबाइलवर टिपते आणि क्षणार्धात पुण्या-नाशकास धाडते, त्याचा मूळपुरुष गिरगावच्या वाळूत असा सव्वाशे वर्षांपूर्वी उभा आहे.

मध्यंतरीच्या काळात हे काम मुख्यत्वे लेखणीने केले. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० साली आले, गिरगावातच वाढलेल्या गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ १९५९ साली, आणि १९६० साली पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’. आमच्या चाळीत एका प्रतीवर अकरा बिऱ्हाडांनी लंडन पाहिले. ती प्रत परत आली तेव्हा तिला डाळीचा वास येत होता, कारण एका काकूंनी ती स्वयंपाक करताकरता वाचली होती.

चित्राविषयी मात्र मला थोडे अधिक सांगावयाचे आहे. हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झाले १८७९ च्या १ जुलैस, पाव आण्यात. पुढे चित्राची कार्डे आली, पण आरंभी त्यांची पाठ सर्वस्वी पत्त्यासाठी राखलेली असे, आणि दोन ओळी लिहावयाच्या तर त्या चित्राच्या कडेला कोंबाव्या लागत. विलायतेच्या टपाल खात्याने १९०२ साली पाठीचे दोन भाग पाडून एकात पत्ता व दुसऱ्यात मजकूर लिहिण्याची मुभा दिली. इतर देशांनी तोच पायंडा उचलला. ही क्षुल्लक वाटणारी सुधारणा मला फार मोलाची वाटते. पुढून जागेचे रूप आणि पाठीवर त्या जागी उभ्या राहिलेल्या माणसाचे बोलणे, अशा दोन्ही अंगांनी ते कार्ड घरी येऊ लागले.

मग कॅमेरा मध्यमवर्गाच्या हाती आला. बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक थ्री माझ्या मामांकडे होता. त्याच्या एका रोलवर चौकोनी अशी नेमकी बारा चित्रे निघत. १९६६ च्या मे महिन्यात नेरळहून छोट्या गाडीने आम्ही माथेरानास गेलो तेव्हा त्या बारांचा विनियोग कसा करावा याची रात्री खलबते होत. एक एको पॉइंटला, एक शार्लोट तलावापाशी, एक आजी घोड्यावर बसल्यास आजीचे. परत आल्यावर रोल धुवावयास टाकावयाचा, आठ दिवस वाट पाहावयाची, आणि त्यांतली तीन जळून आली म्हणून हळहळावयाचे. राहिलेली नऊ चित्रे काळ्या पानांच्या आल्बमात कोपरे लावून बसविली जात, आणि पाहुणा आला की आल्बम उघडून त्यातील प्रत्येकाची जबानी त्याला ऐकावी लागे. पाठीवर आई शिसपेन्सिलीने तारीख, गाव आणि माणसांची नावे लिहून ठेवी. आज त्या चित्रांतली निम्मी माणसे हयात नाहीत; ती कोण होती हे माझ्या नातवंडांना त्या पाठींमुळे कळते.

त्या काळी प्रदर्शनाची हौस नव्हती असे मात्र कोणी समजू नये. रजा प्रवास सवलतीवर काश्मीरला जाऊन आलेल्या दादर-गिरगावातील प्रत्येक कारकुनाच्या घरी, भाड्याचा काश्मिरी पोशाख अंगावर चढवून, हातात फुलांची परडी घेऊन काढलेले गृहिणीचे चित्र भिंतीवर लागलेले असेच. त्या बाईने वर्षानुवर्षे नळावर रांगा लावल्या होत्या. तिने एक दिवस आपण सुंदर दिसावे आणि ते चाळीने पाहावे असे म्हटले, तर त्यात वावगे काय? आजची मुलगी मनालीच्या बर्फात तेच करते. तिलाही माझा आशीर्वादच आहे.

माझे म्हणणे आहे ते पाठीविषयी. २०१० च्या ऑक्टोबरात इन्स्टाग्राम निघाले तेव्हा त्यावरील चित्र, मामांच्या कॅमेऱ्यातल्याप्रमाणे, चौकोनीच असे, आणि पाच वर्षे ते तसेच राहिले. त्या चित्राखाली मजकुरासाठी २२०० अक्षरांची जागा असते. गुरुजींच्या कार्डाच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिले तरी पाचशे अक्षरांपलीकडे मावत नव्हते. म्हणजे पूर्वी कधीही कोणाही प्रवाशाला मिळाली नव्हती एवढी मोठी, फुकट आणि जगाच्या पाठीवर कोठूनही भरता येईल अशी पाठ आपल्या मुलांना मिळालेली आहे; आणि तिच्यावर ती काय लिहितात? गावाचे नाव, एक हृदयाचे चिन्ह, आणि ‘भारी वाटलं’. कचेरीत एका बाजूने कोऱ्या राहिलेल्या कागदांना आपण पाठकोरे म्हणतो. तशी ही लक्षावधी पाठकोरी चित्रे रोज एकमेकांच्या पुढ्यात पडत आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी स्टेटसवर चढून चोवीस तासांत आपोआप पुसलीही जात आहेत. मला याचे मनापासून दुःख होते, कारण ज्याने हजारो रुपये व आठ दिवस खर्चून काही पाहिले, त्याच्यापाशी सांगण्यासारखे काहीच नव्हते यावर माझा विश्वास बसत नाही. त्याला कोणी विचारले नाही, एवढेच.

विचारणारा भेटला म्हणजे काय होते हे मी गेल्या दिवाळीत पाहिले. परळच्या एका चाळीत आमच्या नात्यातील एक काकू राहतात. यजमान गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि त्यानंतर त्या घराने प्रवास असा पाहिला तो गावी जाण्यायेण्याचाच. त्यांची भाची श्रीनगरला गेली होती, आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर तिची चाळीसएक चित्रे ओळीने येऊन पडली. इतरांनी अंगठे उमटविले आणि ते आपल्या कामास लागले. काकूंनी चष्मा पुसला, मोबाइल मांडीवर घेतला, आणि निवडण निवडावे तसे एकेक चित्र बाजूला सारीत त्या एका चित्रापाशी थांबल्या. भाची शिकाऱ्यात बसून हसत होती. काकूंनी दोन बोटांनी ते चित्र मोठे केले, भाचीला पार बाजूस सारले, आणि मागील बोटीच्या टोकाशी उकिडव्या बसलेल्या एका म्हातारीच्या हातावर आणून ठेवले. मग त्यांनी माझ्याकडून लिहवून घेतले: “तुझ्या मागची म्हातारी काय सोलते आहे गं?”

भाचीला ठाऊक नव्हते. म्हातारी तिने पाहिलीच नव्हती. परंतु तिने बोटवाल्याला विचारले, आणि तासाभरात तिचा निरोप आला: ते नदरू, म्हणजे कमळाचा देठ, दल सरोवराच्या तळातल्या चिखलातून लांब काठीने ओढून काढतात, आणि दह्यात शिजवितात. दुसऱ्या दिवशी भाची मुद्दाम पहाटे उठून तेथील भाजीचा तरंगता बाजार पाहून आली आणि तिने लिहिलेला मजकूर चांगला दोन परिच्छेद भरला. काकूंनी तो मोठ्याने वाचून गॅलरीतल्या सगळ्या बायकांना ऐकविला. आमच्याकडे कमळ फक्त लक्ष्मीच्या हातात असते, तिकडे ते खातात, यावर त्या गॅलरीत आठ दिवस चर्चा चालली होती.

येथे मला माझेच मत दुरुस्त करावे लागले. गुरुजींनी कार्डावर प्रश्न विचारला असता तर उत्तर येईतो सुटी संपून गेली असती. पाहणारा अजून त्या जागी उभा आहे तोवरच त्याला घरून ‘जरा मागे वळून बघ’ असे सांगता येणे, ही सोय गोडसे भटजींच्या आईबापांना नव्हती, रमाबाईंच्या वाचकांना नव्हती. नव्या साधनाचे खरे ऐश्वर्य मला यात दिसते, आणि अंगठा उमटवून आपण ते वाया घालवितो.

पाठकोऱ्या चित्राने नुकसानही होते. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि त्याच सुमारास हातोहाती मोबाइल आले. जांभ्या कातळावर मातीचा पातळ थर, आणि त्या ओंजळभर मातीत पावसाअखेर उमलणारी फुले. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा. चित्रात निळा-जांभळा गालिचा दिसतो, त्याखालचा कातळ दिसत नाही. त्यामुळे गालिचा समजून माणसे त्यावर बसली, लोळली. शेवटी कुंपण घालावे लागले, शुल्क बसवावे लागले, आणि दिवसाला ३००० माणसांची मर्यादा ठरवावी लागली. ज्याने पहिले चित्र धाडले त्याने ‘माती बोटभरच आहे, पायवाट सोडू नका’ एवढे पाठीवर लिहिले असते, तर काही फुले वाचली असती.

आणि येथून पंधरा मिनिटांच्या अंतरावरची गोष्ट सांगतो. गिरगावातील खोताच्या वाडीत रविवारी सकाळी मुलामुलींचे थवे येतात. रंगीत लाकडी घरे, बाहेरून चढणारे जिने, नक्षीचे कठडे, यांच्यापुढे उभे राहून चित्रे काढतात, आणि खाली लिहितात की मुंबईत पोर्तुगाल सापडले. पाठारे प्रभू असलेल्या दादोबा वामन खोतांच्या नावाची ही वाडी. त्यांनी जागा दिली आणि ईस्ट इंडियन कुटुंबांनी घरे बांधली. एकेकाळी ६५ घरे होती, आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत, आणि भोवती मनोरे चढत आहेत. तेथल्या एका वृद्ध बाईंच्या ओट्यावर मी बसलो होतो. समोर चार मुले कॅमेरा रोखून उभी राहिली तशी त्यांनी उठून खिडकीचे दार लोटले. म्हणाल्या, “पाहुणा आला तर मी पाणी देईन. पण हे पाहुणे नाहीत. दारात कोण राहतं, एकानं कधी विचारलं नाही. पावसात वर ताडपत्री लागते, ती चित्रात येऊ नये म्हणून कोपरा सोडून काढतात.” त्यांची ही तक्रार मी येथे रुजू करतो, कारण आपण गिरगाव-लालबागची माणसे आता केवळ प्रवासी राहिलेलो नाही. कोणाच्या तरी प्रवासातले देखावेही झालो आहोत, आणि आपल्या पाठीवर काय लिहिले जाते याची आपल्याला चिंता असली पाहिजे.

वेळ संपत आली आहे. कार्यवाहांनी गुरुजींची कार्डे शेजारच्या दालनात मेजांवर मांडून ठेवली आहेत, आणि अर्धा तास दालन उघडे राहील. हात कोरडे असू द्यावेत. कागद जीर्ण आहे. आत गेल्यावर तुम्हांला आरंभी एकही चित्र दिसणार नाही, तेव्हा काही चूक झाली असे समजू नये. डब्यात ती जशी होती तशीच, मजकुराची बाजू वर ठेवून, मांडलेली आहेत. कुतुबमिनार पाहावयाचा असेल त्याने कार्ड उलटावे. राजापूरचे कार्ड डावीकडून तिसऱ्या मेजावर, खिडकीपाशी आहे. ते उलटले तरी मागे काही नाही, पत्ताच आहे.